शिवेवरची ट्रॉली

"मग टाकायचं कुठं, तेवढं सांगा."

दौलू तात्यानं परत इचारलं.

बुवा पावट्याच्या शेंगा सोलत व्हतं. मान वर केली न्हाई.

...

हे सोमगीर बुवा. आमची पळसखिंडी आनि पलीकडचं बोरटेक, ह्या दोन गावांच्या मधी ओढा हाय. ओढ्याच्या काठाला मठ. मठ कुठल्याच एका गावाचा न्हाई, म्हंजे दोनी गावांचा. बुवा जातीचं गोसावी. वय कुनालाच ठावं न्हाई.

दौलू तात्या पळसखिंडीचा. गावात तेचाच शबुद चालतो. ट्रॅक्टर माझा, डायवर बी मीच, म्हनून मी तिथं. न्हाईतर मठात जाऊन टाळ्या वाजवत बसनाऱ्यातला मी न्हवं.

ट्रॉली काठोकाठ भरल्याली. सगळा केर. वरनं ताडपत्री बांधली व्हती तरी वास सुटला व्हता. ट्रॉलीवरच्या माश्या उठून बुवांच्या शेंगांवर बसाय लागल्या.

बुवांनी हातानं माशी हाकलली.

"कुनाचा हाय?"

"बोरटेकचा."

"नाव लिवलंय त्येच्यावर?"

"नाव कशाला पायजे? तेंचीच मानसं टाकत्यात. माझ्या उसाच्या बांधावर. आता तर बांध बी सोडला, सरीत टाकाय लागल्यात. परवा पानी सोडलं तर पान्याबरोबर पिशव्या तरंगत आल्या. मोटर बंद करून पिशव्या गोळा करत फिरलो मी. मी."

"आनि तेंच्या बांधावर कोन टाकतं?"

...

तात्यानं उपरन्यानं मान पुसली.

मी स्टेरिंगवरची धूळ पुसाय लागलो. आमच्या गावचा केर ओढ्यापलीकडं न्ह्यायला बी हीच ट्रॉली जाती. त्यात लपवायसारखं काय न्हाई, शेंबड्या पोराला ठावं हाय.

"गाव सवच्छ ठेवतो मी," तात्या म्हनला. "रोज सकाळी घंटा वाजवत ट्रॉली फिरती. आमच्या गावात कागदाचा कपटा दावा मला."

"फिरती ते कळलं. जाती कुठं?"

"शिवेबाहेर."

बुवांनी एक शेंग दाबून बघितली. किडकी निघाली. ती शेळीला टाकली.

"तुझ्या आज्यानं बी तसंच केलं व्हतं."

"काय केलं आज्यानं?"

"पटकी आली व्हती. मी बारका व्हतो. गावानं मरीआईचा गाडा केला. लाकडाचा. आत निवद, लिंबं, हिरवा खन. वाजतगाजत आनला आनि हितनं ओढ्यापलीकडं ढकलला. तुझा आजा म्होरं. ह्याऽ एवढ्या मिशा."

"व्हत्याच मिशा," तात्या म्हनला. जरा बरं वाटलं तेला.

"बोरटेकच्यांनी सकाळी गाडा बघितला. त्येंनी फुडच्या गावाच्या शिवेत ढकलला. त्या गावानं त्येच्या फुडच्या."

"मग? रोग गेला का?"

"गाडा गेला."

...

तात्याला ते झोंबलं. तेच्या कपाळावर एक शीर हाय, ती वर आली. ती वर आली की आमी बाजूला सरतो.

"ते देवीचं काम व्हतं. ही घान हाय. दोन्हीची मोट बांधू नका, बुवा. मला निस्तं एवढंच सांगा. ही ट्रॉली मी आज हिंदूरावाच्या दारात उलटी करनार. चावडीत न्हाई. दारात. पायरीवर. बरोबर का चूक?"

आता हिंदूराव कोन ते सांगतो. बोरटेकचा पुढारी. आनि तात्याचा व्याही.

तात्याची सारिका हिंदूरावाच्या पोराला दिलीया. पयलं बाळंतपन, दिस भरत आल्यात. पोरीला आज सांजच्याला माहेरी आनायचं ठरल्यालं. जीप सांगितल्याली. घरात काकू, म्हंजे तात्याची बायकू, खोली धुऊन, बाज टाकून, शेकायच्या गवऱ्या रचून वाट बघत बसलीया. डिंकाचं लाडू बी वळून झालं.

आनि काल हिंदूरावाचा निरोप आला. केराची ट्रॉली ओढा वलांडून आली तर पोरगी माहेरला जायाची न्हाई. आज न्हाई आनि फुडं बी न्हाई.

काकूनं तात्याचं पाय धरलं. म्हनली, ऊस गेला खड्ड्यात, माझी पोर आना. तात्यानं ऐकलं न्हाई. मला सांगावा धाडला, ट्रॉली जोड म्हनून. मी जोडली. मला बी राग व्हता. हिंदूराव कोन लागून गेला आमच्या गावाला दम द्यायला?

ही सगळी हकीकत बुवांना ठावं असनारच. दोनी गावाच्या बाया दूध घालायला मठात येत्यात.

"सकाळी केर, सांजच्याला पोर," बुवा म्हनलं. "एका दारात एका दिसात दोनदा जानार. लई मोठा मानूस झालास, दौलू."

मला हसू आलं. तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी हसू गिळलं.

"म्हंजे मी गप बसायचं?"

"कोन म्हनलं?"

"मग काय ते बोला. तुमी व्हय म्हना, मी जातो. न्हाई म्हना, तरी जातो."

"मग थांबलास कशाला?"

...

तात्याच्या हातात नारळ व्हता. आमच्याकडं कुठल्या बी मोठ्या कामाला निघालं की मठाम्होरं थांबत्यात, नारळ वाढवत्यात. लगीन असू दे, कोर्टाची तारीख असू दे. पन केर टाकायला जाताना नारळ घेऊन आल्याला मानूस मी पयल्यांदाच बघितला.

बुवांनी नारळाकडं बघितलं.

"फोडायचाय?"

"व्हय."

"करवंट्या कुनाच्या दारात टाकनार?"

तात्यानं नारळ कठड्यावर आपटल्यासारखा ठेवला. फुटला न्हाई.

"तुमी माझी थट्टा करताय."

"न्हाई. सर्ज्या," बुवा मला म्हनलं, "ट्रॉली हितं उलटी कर."

"कुठं?"

"हितं. अंगनात. तुळशीच्या म्होरं जागा हाय."

मी तात्याकडं बघितलं. तात्या बुवांकडं.

"मठात?" तात्या म्हनला. "मठात केर टाकू मी?"

"का?"

"असं कुठं असतंय व्हय? तुमच्या दारात?"

"माझं दार काय सोन्याचं हाय?"

"तुमी गुरू हाईसा. तुमच्या दारात कसं टाकू?"

"आनि हिंदूराव कोन तुझा?"

"तेची गोष्ट येगळी."

"येगळीच हाय. तेच्या दाराच्या आत तुझी पोर बसलीया. माझ्या दाराच्या आत कोन न्हाई. टाक हितं."

...

इंजिन चालूच व्हतं. ट्रॅक्टर माझा असला तरी हुकूम तात्याचा. मी गेरवर हात ठेवून तसाच बसलो.

बुवा उठलं. गुडघं कटकन वाजलं. शेंगांची टरफलं शेळीम्होरं वतली, कोपऱ्यातलं घमेलं उचललं आनि ट्रॉलीच्या मागं जाऊन ताडपत्रीची गाठ सोडाय लागलं. गाठ मी मारल्याली, सहजासहजी सुटनारी न्हाई. दातानं सोडवली.

"बुवा, हात घालू नका," तात्या म्हनला.

"का?"

"घान हाय."

"बोरटेकची घान मला चालती. मी तिकडं जेवतो बी."

आनि हात घातला. एक काळी पिशवी वढून काढली. पिशवी फाटकी व्हती. आंबल्यालं पानी बुवांच्या भगव्या छाटीवर गळलं, पायावर गळलं.

तात्याला ते बघवंना. काय बी असू दे, तेच्या आज्यापास्नं ह्या मठात डोकं ठेवत्यात ते लोक. तेनं धोतराचा सोगा खवला आनि धावला. बुवांच्या हातातनं घमेलं हिसकून घेतलं.

"सर्ज्या, बघत काय बसलाईस? उचल की ट्रॉली."

मी दांडी वढली. ट्रॉली उचलली. सगळा केर धबाधबा तुळशीम्होरं पडला. कावळं आलं. शेळी दाव्याला हिसका देऊन लांब जाऊन उभी ऱ्हायली.

मी इंजिन बंद केलं.

बुवा ढिगाजवळ बसलं. बाजारात भाजी घेऊन बायका बसत्यात, तसं.

"ह्ये हिकडं," बुवा म्हनलं. "ह्ये तिकडं."

"काय चाललंय ह्ये?" तात्या म्हनला. "मी काय केर निवडायला आलोय?"

"तू केर द्यायला निघाला व्हतास. काय देतोयस ते बघून तरी दे."

तात्या बसला. लांब तोंड करून, दोन बोटांनी धरून. मग चार बोटांनी. मग मला हाक मारली. मी बी बसलो. शिव्या घालत बसलो, पन बसलो.

भाकरीचं तुकडं. कांद्याची टरफलं. शिळा भात. चहाची पूड. भाजीची देठं. शेंगांची फोलपटं. पूजेची सुकल्याली फुलं. ह्योच ढीग सगळ्यात मोठा झाला.

बुवांनी त्यातली मूठभर पूड नाकाला लावली.

"ह्यो केर न्हवं. ह्ये उद्याचं खत. बोरटेकनं तुझ्या उसाला खत घातलं, आनि तू ते परत द्यायला निघालास."

"पिशवीत बांधून घातलं खत?"

"तेवढं तेंचं चुकलं."

तात्या हसला न्हाई. फुडची पिशवी वढली.

मठामागं बुवांचा उकिरडा हाय. शेन, पाला, राख, सगळं तिथं कुजतं. मी घमेल्यानं तिकडं वाहाय लागलो. चार खेपा झाल्या आसतील, का जास्त, कोन मोजतंय?

फुटकी बादली, पत्रा, वायरीचं तुकडं, बाटल्या. बाजारच्या दिशी भंगारवाला येतो, तो न्हेतो. ते एका पोत्यात गेलं. जुनी लुगडी, फाटक्या चड्ड्या येगळ्या. दवाखान्यातल्या सुया आनि नळ्या घावल्या, त्या बुवांनी चिमट्यानं उचलून डालड्याच्या डब्यात घातल्या आनि झाकन लावलं.

"ह्ये डाक्टरच्या हातात द्यायचं. तेनं काढल्यात, तेनंच बघायचं."

ऊन वर आलं. ढीग खाली खाली बसत गेला. मगाशी मला वाटलं व्हतं, ह्यो डोंगर संध्याकाळपतोर हलत न्हाई. आता तुळशीचं खोड दिसाय लागलं.

ऱ्हायल्या त्या निस्त्या पुड्या. शाम्पूच्या, गुटख्याच्या, कुरकुऱ्याच्या. दुधाच्या पिशव्या. लहान पोरांचं लंगोट, ते आतनं फुगत्यात ते.

"ह्याचं काय करायचं?" तात्यानं इचारलं.

"मला ठावं न्हाई."

"तुमाला बी ठावं न्हाई?"

"न्हाई."

मला आला राग. अर्धा दिस घान चिवडून घेतली आनि आता म्हनं ठावं न्हाई. मी खिशातनं काडेपेटी काढली.

"त्यात काय ठावं व्हायचंय? लावतो काडी. एका घटकंत राख."

बुवांनी मला अडवलं न्हाई. निस्तं इचारलं.

"वारं कुनीकडं हाय, सर्ज्या?"

मी तुळशीकडं बघितलं. पानं आमच्या गावाच्या अंगाला हलत व्हती.

"आमच्याकडं."

"काकूनं खोली धुतलीया न्हवं?"

...

तात्यानं माझ्या हातातनं काडेपेटी काढून घेतली. स्वताच्या खिशात घातली.

"तालुक्याला घेत्यात म्हनं ह्ये," तात्या खाली बघून म्हनला. "दाबून, गठ्ठे करून न्हेत्यात. ग्रामसेवक म्हनला व्हता. फकस्त येगळं करून आना म्हनला. मी म्हनलं, एवढं निवडत कोन बसनार?"

"बसलास की."

तात्यानं एक गुटख्याची पुडी उलटीपालटी करून बघितली. आमच्याच गावच्या टपरीवर तीच मिळती. बोरटेकला बी तीच.

"ह्येच तर दोनी गावात खात्यात," तात्या म्हनला. "कुनाचं कुठलं, कसं वळखायचं?"

"वळखू नको. घरात घेतानाच बघ. आत येतं ते बोटभर, भायेर टाकताना मातर गावाची शीव लागती."

तात्यानं पोतं वढलं. पुड्या पोत्यात दाबाय लागला. पायानं दाबल्या, वर बसून दाबल्या. एवढ्या मोठ्या ट्रॉलीतनं एक पोतं निघालं.

तवर मी तळातला ऱ्हायल्याला केर झाडून घेत व्हतो. झाडता झाडता तात्याच्या पायाशी एक गाठोडं आलं.

नारळाएवढं. वर्तमानपत्रात गुंडाळल्यालं, एकावर एक कागद. वरनं लाल चिंधीनं करकचून बांधल्यालं. आनि वर चुन्याची फुली.

तात्या मागं सरला.

मी बी सरलो. खराटा टाकला.

"करनी," तात्या म्हनला.

तेचा आवाज बदलला.

"बघा बुवा. बघितलंसा? लाल चिंधी, चुन्याची फुली. माझ्या उसात आनून टाकली. पोर माझी पोटुशी हाय आनि हिंदूराव मला करनी करतोय. आता बोला. आता सांगा गप बस म्हनून."

शीर परत वर आली. ह्या वेळंला मला बी वाटलं, झालं. आता ट्रॉली न्हाई, आता काठ्या निघत्यात. मनात म्हनलं, आपल्या घरातली कुऱ्हाड कुठं ठेवलीया.

बुवांनी गाठोडं उचललं.

"हात लावू नका," मी म्हनलो. मी कधी कुनाला काय सांगत न्हाई, पन म्हनलो.

बुवा गाठ सोडाय लागलं. सावकाश. घाई न्हाई. चिंधी सुटली, ती मांडीवर ठेवली. मग एक कागद. मग दुसरा. मग आनि एक.

आत काच.

फुटल्याली ट्यूबलाईट, आनि एका पेल्याचं तुकडं. पांढऱ्या काचा, धारदार. उन्हात चमकल्या.

...

तात्या बघत ऱ्हायला.

"निस्ती काच?"

"निस्ती काच."

"मग एवढी गुंडाळून वर फुली मारलीया कशाला?"

"तूच सांग."

तात्यानं कागदाचा एक थर उचलून बघितला.

"सांग की. तू गावात सगळ्यांना सांगत असतोस."

तात्यानं ओठ चावला.

"कुनाचा हात कापू नये म्हनून."

"कुनाचा?"

"जो उघडंल तेचा."

"कोन उघडनार व्हतं?"

तात्याचं तोंड उघडं ऱ्हायलं. मग खाली बसला. आपला हात बघितला तेनं, पालथा, उताना. सकाळधरनं तेनं तो केर चिवडला व्हता, आनि हाताला कुठं खरचटलं बी नव्हतं.

"मी," म्हनला.

बुवांनी माझ्याकडं मान वळवली.

"सर्ज्या, तुमच्या गावच्या ट्रॉलीत अशी पुडी कवा बघितलीस?"

"न्हाई."

"काचा नसत्यात?"

"लई असत्यात. मोकळ्याच. ओततो तवा खळाखळा वाजत्यात."

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी बी बघितलं. खरं ते खरं, तात्या असू दे न्हाईतर तात्याचा बाप.

"कुठं ओततोस?"

"ओढ्यापलीकडं, वाटंच्या कडंला. तुमीच दावलीया जागा."

...

तेवढ्यात तात्याचा फोन वाजला. तात्याचं हात घान, तेनं मला खुनावलं. मी तेच्या खिशातनं फोन काढून बटन दाबलं आनि तेच्या तोंडाम्होरं धरला. आवाज मोठा व्हता, सगळ्यांना ऐकू आला.

सारिका व्हती.

"तात्या, ट्रॉली निघाली म्हनं."

तात्यानं दाबल्याल्या पोत्याकडं बघितलं.

"हितं चावडीत मानसं गोळा झाल्यात. मामांनी फाटकाला कुलूप घातलंय. म्हनत्यात, येऊ दे तुझ्या बापाला." तिचा दम लागत व्हता. "मी पिशवी भरून बसलीया तात्या. सोडू का परत?"

"न्हाई बाय. पिशवी सोडू नको."

"मग ट्रॉली?"

"ट्रॉली मठात रिकामी केली."

"मठात?"

"व्हय. बुवांच्या दारात."

तिकडं कोन तरी काय तरी बोललं. गडी मानसाचा आवाज व्हता, जाड, हिंदूरावाचाच. पोरगी बाजूला तोंड करून म्हनली, "मठात वतली म्हनत्यात."

"तात्या, मामा इचारत्यात, खरं का?"

"खरं. मामास्नी सांग, मानूस येतोय. केर न्हाई."

"जीप घेऊन येताय?"

"जीप सांजच्याला येईल. मी आदी येतो. चालत."

"चालत?"

"व्हय. ओढ्यातनं."



"चपला घालून या," म्हनली. "त्या वाटंला काचा हाईत."

फोन बंद झाला.

मी फोन तेच्या खिशात ठेवला. तात्या ओढ्याकडं बघत ऱ्हायला. मी बी त्येच बघत व्हतो. पलीकडची वाट हितनं दिसती. उन्हात मधी मधी चमकती. मी रोज जातो, मला वाटायचं पानी चमकतंय.

तात्या उठला. रांजनाजवळ जाऊन राखेनं हात घासलं, कोपरापतोर. तोंडावर पानी मारलं. उपरन्यानं पुसलं.

"सर्ज्या, उद्या ट्रॉली जोड."

"परत कुठं?"

"पलीकडच्या वाटंला. खोरं, पाटी आनि रिकामी पोती घे. आपलं जे हाय ते आपन उचलायचं. निवडून."

"गावातली मानसं येतील?"

"मी म्होरं असतो. येतील. न्हाई आली तर तू आनि मी."

मी ट्रॉली धुवाय लागलो. ती कधी धुतली नव्हती मी, घेतल्यापासनं.

तात्या चपला घालून कठड्यापाशी थांबला. नारळाला हात लावला, परत तिथंच ठेवला. सकाळधरनं पयल्यांदा तेचा आवाज खाली आला.

"बुवा... व्याह्याच्या दारात काय घेऊन जाऊ? आसा रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

बुवा काचा गोळा करत व्हतं. एक कागद, दुसरा, तिसरा. व्हते तसे. वरनं लाल चिंधी, तीच करकचून गाठ.

पुडी तात्याच्या दोनी हातावर ठेवली.

"ही घेऊन जा. कुनी बांधली ते दारोदार इचारत जा."

"आनि घावलं घर, तर?"

"तर त्या घरात बसून पानी पी. पोरीकडं मग जा."